मोठ्या बाईंचं नाक

चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. नाशकात मुलींच्या एका शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आमच्या निफाडकडच्या गावातून सातवीची फायनल पास होऊन नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच. ती पहिल्याच दिवशी गेली.

शिक्षिकांची खोली एकच. दाराशी मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं टेबल. रोज साडेदहाला प्रत्येकीनं त्यांच्यापुढे उभं राहून नमस्कार करायचा आणि हजेरीपटावर सही करायची. माझी सही चालली होती तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीतल्या तरुण बाईंनी पदर नाकाला लावला, एवढं मला दिसलं. लगेच मोठ्या बाईंनी एक पितळी डबी हळूच माझ्याकडे सरकवली. आत बडीशेप. मला वाटलं, काय मायाळू बाई आहे हो! मी चिमूटभर घेतली आणि वर "पुरे, पुरे" असंही म्हटलं. मागे सगळ्या जणी माना खाली घालून हसू दाबत होत्या.

मधल्या सुट्टीत उलगडा झाला. डबी सरकली म्हणजे तुमच्या तोंडाला वास येतोय. कांदा, लसूण, सुकट, जे काय असेल ते. कुणी काही बोलायचं नाही. मुकाट्यानं बडीशेप चावायची आणि दुसऱ्या दिवसापासून शहाणं व्हायचं. मोठ्या बाईंनी उठून मागची खिडकी उघडली, तर समजायचं, कुणीतरी फुलं माळून नाहीतर काही सुवासिक लावून आलंय. आणि सगळ्यांत मोठी रीत अशी, की मोठ्या बाईंनी दाखवल्याशिवाय दुसऱ्या कुणी वास आल्याचं दाखवायचं नाही. त्यांच्यापुढे नाकाला पदर लावायची मुभा फक्त शेजारच्या खुर्चीला.

त्या दुपारी मी रडले. सकाळी भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा खाल्ला होता. आमच्याकडे कांदा न खाता घराबाहेर पडलेल्या माणसाला आजारी समजतात! आई नाशकात माझ्याबरोबरच राहायची. तिला सांगितलं तर म्हणाली, "तुह्या नोकरीपायी आता मी कांदा बी लपवून खाऊ का?"

माझं स्वतःचं नाक मात्र लहानपणापासून तिखट. घरात दूध नासायला लागलं की आधी मला कळायचं. एकदा खोलीत बसल्या बसल्या मी म्हटलं, "कुठंतरी रॉकेल सांडलंय." कुणाला काहीच येत नव्हतं. शोधलं तर दोन खोल्या पलीकडे शिपाईणबाईंची बाटली कलंडलेली. मोठ्या बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. पुढच्याच महिन्यात शेजारच्या खुर्चीतल्या बाई लग्न होऊन गेल्या आणि ती खुर्ची मला मिळाली. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या गणिताच्या बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "कानामागून आली आणि तिखट झाली." म्हणेनात का! मी ताठ बसायला लागले. मोठ्या बाई मधूनच माझ्याकडे बघत, कधी हळूच विचारत, "येतोय ना हो?" मी म्हणे, "येतोय." मला वाटायचं, माझी परीक्षा घेताहेत.

शिवण शिकवायला एक मुसलमान बाई होत्या. शिवणबाईच म्हणायचो आम्ही. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, बोलायला मऊ. त्यांच्या हातची टीप इतकी बारीक, की मुली कापड उलटं करून करून बघायच्या. त्यांना लागून वर्ष होत आलं होतं. मोठ्या बाईंनी चांगला शेरा दिला तर कायम होणार, नाहीतर घरी. नवऱ्याचं दुखणं चाललेलं, त्यामुळे घराला त्या नोकरीचा आधार होता. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

त्यांच्या सासऱ्यांचं चौक मंडईजवळ अत्तराचं दुकान. दुकानाच्या मागेच घर. त्या स्वतः काही लावत नसत. पण घरच अत्तराचं, तर करणार काय? आल्या की बुरखा काढून दारामागच्या खुंटीला अडकवायच्या, आणि खोलीत एक वास पसरायचा. थंडीत हिना, उन्हाळ्यात खस. मी अत्तर कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. शेण, कांदा, ओली माती, चुलीचा धूर यांत वाढलेली मी. तो वास आला की माझे डोळे आपोआप मिटायचे आणि मी छातीभर श्वास घ्यायची. एवढं सुखाचं काही मला दिवसभरात दुसरं मिळत नसे. तेवढ्यात मोठ्या बाई उठून खिडकी उघडायच्या. मला राग यायचा. वाटायचं, काय करंटी बाई आहे!

खिडकी रोज उघडायला लागली. शिवणबाई बुरखा बाहेर व्हरांड्यात ठेवू लागल्या. मग ओल्या केसांनी येऊ लागल्या. लुगड्याला रिठ्याचा वास यायला लागला, पण रिठ्याखालून हिना यायचाच. मी श्वास घ्यायची, खिडकी उघडायची. त्या खाली मान घालून सुईत दोरा ओवत बसायच्या.

एक दिवस मोठ्या बाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला. शाळा कमिटीला लिहिला होता. शिवणशिक्षिका सुगंधी द्रव्यं लावून शाळेत येतात, सहशिक्षिकांना त्रास होतो, मुलींना अनिष्ट वळण लागण्याचा संभव आहे.

"वास येतो हे खरं ना?" बाईंनी विचारलं.

"येतो," मी म्हटलं.

"मग करा सही."

मी केली. "अनिष्ट वळण" म्हणजे काय, हे त्या काळी कुठल्याही बाईला फोड करून सांगावं लागत नव्हतं. अत्तर लावून घराबाहेर पडणारी बाई कोण, हे सगळं गाव जाणून होतं. मला ते कळत होतं. पण खोटं तर नाही ना लिहिलेलं, असं मी मनाला सांगितलं. खुर्ची प्यारी होती, दुसरं काय!

कमिटीचं बोलावणं गेलं आणि शिवणबाई यायच्या बंद झाल्या.

त्याच आठवड्यात मला पडसं झालं. नाशकातली मार्गशीर्षाची थंडी, नाक असं चोंदलं की रॉकेल प्यायले असते तरी कळलं नसतं. आठवडाभर डबी जागची हलली नाही. खिडकी उघडली नाही. इतिहासाच्या बाई बिनधास्त लसणाची चटणी खाऊन आल्या, तरी काही नाही. "मोठ्या बाई निवळल्या गं!" म्हणून सगळ्या खूश.

मग मला वेगळंच काही दिसायला लागलं. बाया येत, श्वास कोंडून सही करत आणि पळत. तोंडं लाल. मला काही कळेना. तिसऱ्या दिवशी शिपाईणबाई केर काढायला आत आल्या आणि दारातच ओरडल्या, "अगं बया! काय मेलंय हितं?" त्यांना कुठली आलीय रीतभात! त्यांनी मोठ्या बाईंच्या पायाशी असलेल्या कपाटाखाली झाडू घातला आणि फुगलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर काढला. तीन दिवस मेलेला. मुली वर्गातून बाहेर पळाल्या, गणिताच्या बाईंना उमासे आले. आणि मोठ्या बाई? तीन दिवस त्या त्याच्याजवळ बसून लिहीत होत्या, पाणी पीत होत्या!

उंदराकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी पहिल्यांदा पाहिलं माझ्याकडे. घाबरून. जणू मी त्यांना फसवलं होतं.

छे, असं कसं असेल, मी स्वतःला म्हटलं. तरी डोक्यातून जाईना.

पडसं उतरलं त्या दिवशी एकादशी होती. गणिताच्या बाई कडक, निर्जळी करणाऱ्या. त्या सहीला उभ्या राहिल्या. वास कसलाही नव्हता. मी मुद्दाम नाक मुरडलं आणि पदर वर नेला.

डबी सरकली.

अहो, मी थिजले! गणिताच्या बाई डबीकडे बघतात, बाईंकडे बघतात, आणि शाळेत पहिल्यांदाच डबीवर कुणीतरी तोंड उघडलं. "अहो, आज माझी एकादशी आहे! काल रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही पोटात!" मोठ्या बाईंनी डबी मागे घेतली. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता.

मग एकेक आठवायला लागलं. पहिल्या दिवशी पदर नाकाला लावणाऱ्या बाई. "येतोय ना हो?" माझे मिटलेले डोळे, माझा श्वास, आणि लगेच उघडणारी खिडकी. देवा रे! ती खिडकी मीच उघडत होते. मला तो वास आवडत होता, आणि मीच त्या बिचारीला रोज सगळ्यांसमोर उघडं पाडत होते.

शाळा सुटल्यावर मी एकटी थांबले. राग मावत नव्हता. "तुम्हाला वास येतच नाही," मी म्हटलं. मुख्याध्यापिकेला! नोकरी गेली तर जाऊ दे, म्हटलं.

मला वाटलं होतं, चढतील माझ्यावर. त्या बसल्या जागी एवढ्याशा झाल्या.

"इन्फ्लुएंझाच्या साथीत वास गेला," त्या म्हणाल्या. "मी जगले, नाक गेलं. तेव्हापासून भाताचा वास नाही, उदबत्तीचा नाही. नंतर एकदा घरी चार जणी जेवायला बोलावल्या. आमटी आंबली होती, मला कळलंच नाही. कुणी बोललं नाही हो. नुसत्या पानावरून उठल्या. परत कधी कुणी माझ्याकडे जेवलं नाही. का, ते मला दोन वर्षांनी कळलं. तेव्हापासून मला माझ्याच अंगाची भीती वाटते. आपल्याला वास येत असेल आणि सगळ्यांना ठाऊक असेल, फक्त आपल्याला नाही. म्हणून म्हटलं, शाळेत वासच नको. कुणाचाच."

मला दया आली आणि रागही गेला नाही. "शिवणबाईंचा मला त्रास नव्हता," मी म्हटलं. "मला तो वास आवडायचा."

"तुम्ही डोळे मिटत होता," त्या म्हणाल्या. "श्वास कोंडत होता. मला वाटलं, तुम्हाला सोसवत नाही." मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्याच बैठकीत त्यांनी कमिटीला दुसरं पत्र लिहिलं. आधीची तक्रार आपल्या स्वतःच्या चुकीनं झाली, शिवणशिक्षिकेची वागणूक निर्दोष आहे, त्यांना कायम करावं. त्याची नक्कल घेऊन मी तशीच चौक मंडईकडे निघाले. जवळजवळ पळतच.

शिवणबाई ओसरीवर गोधडीला टाके घालत होत्या. मला बघून उठल्या, पाट दिला. पत्र दोनदा वाचलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. नाक, डबी, उंदीर, सगळं. त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही.

"म्हणजे तुम्हाला त्रास होत नव्हता?"

"नाही हो. मी वाटच बघायची तुमच्या येण्याची."

"मग एकदा तोंडानं बोलायचं होतं, बाई," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दुकानातून सासरे आले. पांढरी दाढी, वाकलेले. सुनेच्या शाळेतल्या बाई आल्यात एवढंच त्यांना समजलं होतं. कमिटीकडे तक्रार गेली, ते तिनं घरात सांगितलेलं दिसत नव्हतं. पाहुण्याला अत्तर लावल्याशिवाय सोडायचं नाही ही त्यांच्या घरची पद्धत. त्यांनी विचारून माझ्या हाताच्या पाठीवर काडीनं हिना लावला आणि म्हणाले, "आमच्या सूनबाईकडे लक्ष असू द्या, बाई."

आतून शिवणबाईंची दोन-अडीच वर्षांची मुलगी धावत आली आणि "दादा", म्हणजे आजोबा, म्हणून त्यांच्या पायाला बिलगली. म्हाताऱ्यानं झटकन दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले. पोर उड्या मारत होती, रडकुंडीला आली होती, आणि ते हात वर धरून तसेच उभे राहिले, तिला बोटही लागू न देता.

"घ्या तिला, अब्बा," शिवणबाई म्हणाल्या. "आता चालेल."

म्हाताऱ्यानं ऐकलं, पण हात खाली आणले नाहीत. "नको," ते मला समजावून सांगू लागले, "माझ्या हातांचं अत्तर हिला लागतं, हिला सूनबाई कडेवर घेते, मग शाळेत सूनबाईच्या कपड्यांना वास येतो. चार महिने झाले. आता पोरीला नाही घेत मी."