तूप द्यावं की नाही

डोंबिवलीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे ते गृहस्थ मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कामाला होते. तिथे सशांना लोणी चारून त्यांच्या रक्तवाहिन्या कशा बुजतात ते बघत. घरी आले की आधी मोरीत जाऊन खसाखसा हात धुवायचे. बोलणं सावकाश. सुरुवात "म्हणजे असं की" आणि शेवट "अजून नक्की नाही".

माझ्या वडिलांना, अण्णांना, हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी नुसतं पडून राहायला सांगितलं. खाण्याबद्दल काही बोलले नाहीत. म्हणून आईने शेजाऱ्यांना विचारलं, "भावोजी, यांना तूप देऊ का?"

"म्हणजे असं की, वहिनी, सशांना देऊ नये. माणसांचं अजून नक्की नाही."

आईने तूप बंद केलं. कोरडा वरणभात पाहून अण्णा तोंड फिरवायचे. हळूहळू त्यांनी जेवणच टाकलं, आवाजही खोल गेला.

एका रविवारी शेजारी त्यांना बघायला आले. न शिवलेलं ताट त्यांनी पाहिलं. मग स्वतःच फडताळातून तुपाचं भांडं काढून त्यांनी भातावर चमचाभर तूप सोडलं. "अण्णा, जेवा," म्हणाले. अण्णांनी ताट चाटूनपुसून संपवलं.

मी शेजाऱ्यांना दाराबाहेर गाठलं. "म्हणजे तूप चालतं?"

ते चपला घालता घालता थांबले.

"ससे जेवायचे थांबले नव्हते रे," एवढंच म्हणाले.

अण्णा पुढे हिंडूफिरू लागले. त्यांना तूप वाढताना आईचा हात मात्र कायम अडखळायचा.