नावावरची काळी पट्टी

मावशींना ना मूल, ना भाचरं, तरी सगळं ऑफिस त्यांना मावशीच म्हणायचं. मालकसुद्धा. आणि पाठ वळली की हळूच, "आज कोणाचं लग्न जुळवतायत?" कारण काम जवळपास तेच होतं. कंपन्यांना डिझायनर लागायचे, म्हणजे यंत्राचा पडदा कसा दिसावा, बटण कुठे असावं, हे ठरवणारी माणसं. चांगला डिझायनर काही झाडाला लागत नाही. मावशी तो हुडकायच्या, पारखायच्या आणि कंपनीपुढे उभा करायच्या.

त्यांची पारखायची रीत ऐकून नवे लोक हसायचे. सुंदर, रंगीत फायलींवर मावशींचा काडीचा विश्वास नव्हता. "फायलीत काय, सगळेच राजबिंडे दिसतात," म्हणायच्या. त्यांची कसोटी एकच, त्यांची आई. ऐंशी उलटलेली, डोळ्यांनी अंधुक, आणि स्वभावाने अशी तापट की विचारू नका. कोणाचं काम पारखायचं असलं की मावशी ते घरी नेऊन आईच्या हातात द्यायच्या. आईने फोन सोफ्यावर आपटला की तो डिझायनर बाद.

दुसरी रीत काळ्या पट्टीची. कोणाचीही फाइल कंपनीला धाडण्याआधी मावशी तिच्यातलं नाव, फोटो, कॉलेज, आजवरच्या कंपन्या, सगळं काळ्या पट्टीने झाकून टाकायच्या. पूर्वी लोक कॉलेजचं नाव वाचूनच माणूस घ्यायचे, कामाकडे ढुंकून बघायचे नाहीत. मावशींनी भांडभांड भांडून नियम करून घेतला. मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरेपर्यंत नाव कळणार नाही, फक्त काम बघा. या पट्टीचा त्यांना असा काही अभिमान, की ऑफिसात पाहुणा आला तर चहाच्या आधी पट्टीची गोष्ट यायची.

तर एकदा मावशी आईला घेऊन दवाखान्यात गेल्या. दारातच नंबर देणारं यंत्र. जुन्या यंत्राशी आईचं हाडवैर होतं. जरा उशीर झाला की ते सगळं पुसून पहिल्यापासून सुरू व्हायचं आणि रांगेतले लोक मागून च्यक च्यक करायचे. आता तिथे नवीन यंत्र आलेलं. मावशी पुढे झाल्या तर आई म्हणाली, "थांब गं, करते मी." आई पिशवीत काहीतरी शोधत बसली, आणि यंत्र चक्क थांबलं. काही पुसलं नाही. उलट पडद्यावरची अक्षरं मोठी झाली आणि खाली उमटलं, 'सावकाश होऊ दे.' आईने नंबर घेतला, पावती लेकीच्या नाकासमोर नाचवली आणि म्हणाली, "हे कोणी केलंय? शहाणं आहे."

झालं! मावशींना दुसरं काय हवं होतं? यंत्राच्या मागचं लेबल वाचून त्यांनी कंपनी शोधली, तिथल्या चार जणांना पिडलं, आणि शेवटी खिडकी नसलेल्या एका खोलीच्या कोपऱ्यात ती मुलगी सापडली. तिशीची, हळू बोलणारी, वाक्य संपताना आवाज गिळणारी. यंत्राचा पडदा तिनेच आखलेला. पण बाहेर दाखवायला तिचे साहेब जायचे, बक्षीस घ्यायलाही साहेबच.

"मी कुठे अर्जबिर्ज करत नाही," ती म्हणाली. "मला काही मोठं नको हो मावशी. फक्त एकदा कोणीतरी समोर बसून विचारावं, की हे असं का केलंस. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही."

नेमका त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांसाठी उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीला मुख्य डिझायनर हवा होता. मावशी म्हणाल्या, "विचारतील. माझा शब्द. नाव झाकलेलं असेल, पण काम बोलेल."

फाइल करताना दोघींची थोडी जुंपलीच. मुलीने सगळीकडे 'आम्ही केलं' लिहिलेलं. "अगं, मी केलं म्हण की!" मावशी खेकसल्या. तर ही म्हणे, "खोटं कसं लिहू? आवाज किती ठेवायचा ते वायरमनने सुचवलं, उंची सुताराने." मावशींनी कपाळावर हात मारला आणि तशीच फाइल पट्टी लावून धाडली.

मग वाट बघणं. मुलगी स्वतःहून फोन करणारी नव्हती, पण मावशींचाच जीव टांगणीला. आई रोज जेवताना विचारायची, "त्या शहाणीचं झालं का?"

एक दिवस त्या उपकरणांच्या कंपनीतल्या, माणसं निवडणाऱ्या बाईंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मावशी, काय माणूस दिलात! त्या नंबरच्या यंत्रावर तासभर बोलत होतो. कालच सह्या झाल्या."

"माणूस?" मावशी म्हणाल्या. "अहो, ती मुलगी आहे."

"मुलगी कुठली? चांगले पन्नाशीचे गृहस्थ आहेत. आणि हो, बरं झालं आठवलं. तुमच्या नंतरच्या फायलींपैकी एकीत तेच यंत्र होतं. उघड उघड उचललेलं. आणि धड 'मी' म्हणायचीही हिंमत नाही, सगळीकडे आम्ही, आम्ही. आम्ही ती फाइल बाजूला काढली आणि तशी नोंद केली. तुम्हीही जरा जपून हं."

मावशींनी जुन्या फायली उघडल्या. ते गृहस्थ म्हणजे मुलीचे साहेबच. साहेबांची फाइल मुलगी भेटण्याच्या थोडी आधी मावशींकडे आली होती, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तिला पट्टी लावून याच कंपनीला धाडली होती. तिच्यात यंत्राचं चित्र होतं, चांगलं पानभर. पण पट्टी लावताना मावशींचे डोळे नाव शोधायचे, फोटो शोधायचे, कंपनी शोधायचे. चित्रावरून ते नुसते घसरून गेले. लोकांना काम बघा, काम बघा म्हणून ओरडणाऱ्या बाईने कामच बघितलं नव्हतं! आणि कंपनीचं नाव दोन्ही फायलींत इतकं नीट झाकलेलं, की ही दोघं एकाच खोलीत बसतात हे तिकडे कोणाला कळणार तरी कसं?

त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "खरंही असेल मावशी. पण पुरावा? ती नोंद पुसायला काहीतरी लेखी लागतं. आणि तुम्हीच तर सांगितलंत ना, नाव बघू नका, काम बघा. आम्ही तेच केलं."

मावशींनी साहेबांना फोन लावला. साहेब तुपाहून मऊ. "अहो, ती माझ्याच हाताखालची. गुणी आहे, पण अजून कच्ची. टीमचं काम म्हणजे शेवटी माझंच काम नाही का?" मावशी दवाखान्यात गेल्या. काउंटरवरची बाई म्हणाली, "हो, एक मुलगी यायची, बाकावर बसून बघत राहायची. पण बाकावर काय हो, कितीतरी जण बसतात." मुलीच्या कंपनीत सगळ्या आराखड्यांवर साहेबांचंच नाव. मावशींच्या मालकांनी तर हातच जोडले. "मावशी, दोघंही आपणच पाठवलेत. एकाला चोर म्हणायचं तर आपण कोण?"

सगळीकडे डोकं आपटून झालं. भिंत काही हलली नाही. राहिला तो एक फोन.

मुलीला खरं सांगावं का? सांगून ती काय करणार होती? साहेबांशी भांडली असती तर असलेली नोकरीही गेली असती, आणि नोंद तिथेच राहिली असती. मावशींनी दोनदा फोन उचलून खाली ठेवला. तेवढ्यात तिचाच आला.

"मावशी, मी कधी करत नाही, पण आज राहवलं नाही. आमच्या साहेबांचं कुठेतरी मोठ्या जागी झालं, पेढेबिढे वाटले त्यांनी. म्हटलं आज दिवस चांगला दिसतोय. त्या कंपनीतल्यांनी... काही विचारलं का? यंत्राबद्दल?"

मावशींच्या तोंडून निघून गेलं, "विचारलं गं."

"खरंच? काय विचारलं?"

"यंत्र थांबतं कशाला, म्हणून."

आणि ती बोलायला लागली. आवाज न गिळता. "मावशी, मी त्या बाकावर रोज बसायचे. सगळे म्हणायचे, म्हाताऱ्या माणसांना यंत्र कळत नाही, बावरतात. मी बघितलं, कोणी बावरत नव्हतं हो! ती माणसं चष्मा शोधत होती. पिशवीत, खिशात, कधी डोक्यावरच असायचा. चष्मा मिळेपर्यंत यंत्र पुसून मोकळं! म्हणून मी ते थांबवलं. आणि अक्षरं मोठी केली, न जाणो चष्मा घरीच राहिला असेल."

मावशींना आठवलं. कंपनीतल्या बाईही त्या फोनवर म्हणाल्या होत्या, चष्म्याचं ऐकून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांचेही अगदी हेच शब्द असणार. तिनेच कधीतरी साहेबांना सांगितले असणार.

"बरोबर आहे ना मावशी?"

"अगदी बरोबर. त्यांना हेच उत्तर आवडलं."

"मग? झालं?"

"नाही गं बाळ. नाही झालं."

"मग मी कमी कुठे पडले?"

मावशींनी आयुष्यात शेकडो जणांना नकार कळवले होते. त्यासाठीची गुळगुळीत वाक्यं त्यांना झोपेतही पाठ होती. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडेना. कानाला फोन आणि डोळ्यांना धार, अशा त्या खुर्चीत बसून राहिल्या.

तिला वाटलं, मावशींना आपल्यासाठी वाईट वाटतंय. मग तीच समजूत घालायला लागली.

"असू द्या हो मावशी. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ. निदान कोणीतरी विचारलं तरी."