दाजींचे अनवाणी पाय

आमच्या गावाला समुद्र नाही. पर्यटक मालवण बघतो, तोंडवलीच्या वाळूत लोळतो आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचं काय करावं म्हणून आमच्याकडे वळतो. आमच्याकडे गोड्या पाण्याचं तळं आहे. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला पूर्वजांनी घातलेला मातीचा बांध आणि बांधाच्या पायथ्याशी अकरा घरांची खालची वाडी.

हा बांध राखायचं काम दाजींच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पावसाळाभर रोज सकाळी दाजी अनवाणी बांधावर चालत. आधी माथ्यावरून, मग वाडीच्या बाजूच्या उतारावरून. माती आतून पाणी धरायला लागली की ती तळव्याला आधी गार लागते, मग मऊ. डोळ्यांना ओल दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. पायाला गार लागलं की दाजी तिथे काठी रोवायचे आणि दुपारच्या आत गाव चिकणमातीच्या पाट्या घेऊन हजर व्हायचं. तीस वर्षांत त्यांचं एकदाही चुकलं नव्हतं. ‘बांध सुको आसा’ असं दाजी बोलल्याशिवाय वाडीतली काशीबाई चुलीवर पेज ठेवत नाही, असं आम्ही तिला चिडवायचो.

२००३च्या दिवाळीत मुंबईहून परतलेल्या निकेतने तळ्यात पायाने पेडल मारायच्या दोन होड्या सोडल्या. मी ग्रामपंचायतीचा कारकून. परवानगीचा कागद मीच लिहिला, आणि खोटं कशाला बोलू, हौसेने लिहिला. दोन वर्षांनी मोटरची बोट आली. तिला काठाला लागता यावं म्हणून बांधाच्या आतल्या अंगाचं लव्हाळं कापून टाकलं. त्या लव्हाळ्यात मासे अंडी घालायचे, पाणकोंबड्या लपायच्या आणि वाऱ्याच्या लाटा तिथेच जिरायच्या. आता बोट वळली की लाट सरळ बांधावर आपटायची. बांधाच्या आतल्या अंगाला लावलेल्या जांभ्याच्या दगडांमधली माती धुऊन गेली, दगड हलत्या दातांसारखे दिसायला लागले. पाण्यावर तेलाचा तवंग आला. काशीबाई म्हणाली, भाताला पेट्रोलचा वास येतो. आम्ही हसलो. कशाला हसलो, देव जाणे.

ग्रामसभेत दाजींनी तोंड उघडलं. “ह्या लाटा वायट आसत. बोट बंद करा.”

निकेत वाईट पोरगा नव्हता. त्याने सरळच विचारलं, “दाजीनू, बांध भिजलो काय? तुमी सांगा, उद्याच बोट भायर काढतंय.”

सगळी सभा दाजींकडे बघायला लागली. दाजींना खोटं बोलता येत नसे. “नाय,” ते म्हणाले. “अजून सुको आसा.”

झालं. तेवढ्यावर बोट राहिली. पुढच्या वर्षीही हेच.

२००७चा ऑगस्ट. तळं काठोकाठ भरलेलं, आणि अलीकडे लोक पावसात भिजायलाही यायला लागले होते. सकाळी मी काही कामासाठी बांधावर गेलो. दाजी उतारावरून चालत होते. त्यांची मुलगी सावित्री त्यांच्यासाठी पेज घेऊन वर येत होती. तिचं सासर खालच्याच वाडीत, बांधाला लागून पहिलं घर. ती मध्येच थबकली.

“बाबा, थांब! पायात काच आसा तुझ्या!”

बोटीसाठी आलेल्या कुणीतरी बांधावर फोडलेल्या बाटलीचा तुकडा. बोटभर लांब, तळव्यात निम्मा रुतलेला. मागे गवतावर रक्ताची पावलं उमटत आली होती, वीसेक तरी.

दाजींनी खाली बघितलं. “खंय? खंयच्या पायात?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना उचलून मालवणला नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, पायाच्या नसा मेल्यात, दोन वर्षं तरी झाली असतील. परतताना रिक्षात दाजी दुसऱ्या पायाचा तळवा नखाने टोचून बघत होते. मला मात्र दोन पावसाळ्यांतल्या सगळ्या सकाळी आठवत होत्या. रोजचं ते ‘सुको आसा’ आणि त्यावर आम्ही बिनघोर केलेली आमची कामं.

गावात आल्यावर मी चपला काढून उतारावर चाललो. चार पावलांत पायाला गार लागलं. पुढे मऊ. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, काठी कुठे रोवायची तेच कळेना. बांधापलीकडे बोटीचा आवाज चालू होता आणि दर वळणाला पायाखालची माती किंचित हलल्यासारखी वाटत होती. मी घाबरलो, आणि घाबरलो हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी सांगितलं तर लोक म्हणाले, कारकुनाचे पाय, त्यांना कायम गारच लागणार. निकेत म्हणाला, पंधरा ऑगस्टची गर्दी उलटू दे, मग बघू.

दुसऱ्या दिवशी दाजी पायाला फडकं बांधून वाडीत घरोघर गेले. प्रत्येक दारात एकच बोलले. “माझ्या पायांचा ऐकू नकात. दोन पावसाळे माका कायएक कळूक नाय. घरा सोडा.”

सावित्रीचा सासरा परशुराम त्यांना बसवून चहा देत म्हणाला, “दाजीनू, तुमका दुखणा इला म्हणान भिया वाटता. तीस वरसा तुमचे पाय चुकले नायत, आताच खंयचे चुकतले?” बाकीच्या दहा घरांतही थोड्याफार फरकाने हेच उत्तर. इतकी वर्षं विश्वास ठेवलेल्या माणसावर त्यांनी त्या दिवशीही विश्वासच ठेवला, फक्त त्याच्या बोलण्यावर नाही. सावित्री रडली, पण पोरांना घेऊन एकटी घराबाहेर पडायचा धीर तिला झाला नाही.

संध्याकाळी पाऊस वाढला. दाजी अंथरुणाची वळकटी घेऊन लंगडत बांध उतरताना मला दिसले. सावित्रीच्या पडवीत त्यांनी ती पसरली, बांधाकडे डोकं येईल अशी.

मी संतापलो. “दाजीनू, तुमचा घर वर डोंगराक आसा. तुमी कित्या हंय येतास?”

“वर रवान काय करू?” दाजी म्हणाले. “पायांक आता काय कळना नाय. हंय पाणी इला तर निदान डोक्याक कळतला तरी.”