फळ्यावरचा संघ

धम्मरत्न, माझा धाकटा दीर, पुसदला मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. बारा वर्षांपासून तो भारताच्या प्रत्येक सामन्याची वही ठेवतो: कोण कुठल्या चेंडूवर चुकला, कोणाचा खांदा थकला. क्रिकेटवर चार लोकांपुढे बोलायचं, एवढीच त्याची हौस. केबलवाला राजकुमार एकदा म्हणाला, "बुद्धविहाराच्या हॉलात भाषण ठेव, मी शूटिंग करतो. जमलं तर दर रविवारचा कार्यक्रम तुले देतो. पण आपली टीम एकदम फॉर्मात हाय असंच सांगजो. रडगाणं कोनी पाहत नाही."

धम्मरत्ननं विहाराच्या फळ्यावर लिहिलं, 'भारतीय संघ : आजची स्थिती आणि भवितव्य.'

रविवारी चारला आम्ही गेलो तर हॉल भरलेला. सगळ्या पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. तरुण पोरगं एक नाही. विहार समितीचे अध्यक्ष बाबाराव उठले, सगळे उभे राहिले आणि त्रिशरण सुरू झालं. 'संघं सरणं गच्छामि' कानावर पडलं तसा धम्मरत्नचा चेहरा उतरला. आमच्या विहाराच्या फळ्यावर संघ म्हणजे भिक्खूसंघच. म्हातारे भिक्खूसंघाबद्दल ऐकायला आले होते, आणि पोरं त्याच समजुतीनं आली नव्हती.

"वहिनी, आता काय करू?"

"आधी पंचशील होऊ द्या," मी म्हटलं. मला तरी दुसरं काय सुचणार होतं!

खोटं बोलणार नाही, हे चौथं शील सगळ्यांबरोबर त्यानंही घेतलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

"माफ करा," तो कसाबसा म्हणाला. "मी क्रिकेटच्या संघावर बोलणार होतो."

सतरंजीवर कुजबूज झाली. बाबाराव परत उठले. "किरकेटसाठी काहून बलावलं बाबू आमाले? हे विहार हाय."

"बसा ना अध्यक्ष," कांताबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "इस्त्रीची साडी नेसून आली मी. ऐकल्याबिगर जात नाही. बोल रे!"

"दहा मिनिटं," बाबाराव म्हणाले.

मागून राजकुमारनं अंगठा दाखवला. धम्मरत्ननं वही उघडली, मिटली.

"आपण जिंकून राह्यलो," तो म्हणाला. राजकुमार हसला.

"पण चांगलं खेळून नाही राह्यलो."

राजकुमारनं कॅमेऱ्यामागून मान वर काढली.

"दुकानात लोक येतेत. ताप उतरला की गोळ्या बंद करतेत. आपल्या संघाचा ताप उतरला, दुखणं तसंच हाय. मागच्या पाचातले चार सामने एकाच बॉलरनं काढून देले, अन् त्याचा खांदा जाऊन राह्यला. कर्णधार आत येणाऱ्या चेंडूवर सात वेळा आउट झाला. तो आता नावावर खेळते. त्याले बाहेर बसवा लागते. या वर्षी हरलो तरी चालते, नाहीतर दोन वर्षांनी हातात कोनीच राहणार नाही."

लाल दिवा विझला. राजकुमार वायर गुंडाळायला लागला. धम्मरत्ननं ते पाहिलं. रविवारचा कार्यक्रम गेला, हे त्यालाही कळलं आणि मलाही. बाबारावांनी घड्याळ पाहिलं. आता सगळ्यांना उठवतात, असं वाटून मी पदर सावरला.

"मंग त्या कर्णधाराच्या जागी कोन?" बाबारावांनी विचारलं.

"तीन पोरं हायेत, बाबा. पण सांगाले वेळ लागन."

"सांग ना मंग. घाई कोनाले हाय?"