बूच बाहेर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, जिला माझं खरं वजनसुद्धा माहीत आहे त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे हेही काही धाडस नाही, कळतंय मला.

आमचा बोट क्लब फार थाटाचा नव्हता. नदीकाठी पत्र्याची शेड, आठ-दहा कयाक आणि त्या सांभाळणारे जनूमामा. मी खराडीला सॉफ्टवेअरमध्ये होते. आठवडाभर स्क्रीनपुढे बसायचं आणि रविवारी सकाळी जलपर्णी चुकवत, पाण्याचा वास सोसत वल्ही मारायची. याला आम्ही निसर्ग म्हणायचो. कयाकच्या मागच्या टोकाला एक भोक असतं, आत शिरलेलं पाणी काढायला, आणि त्याला अंगठ्याएवढं रबरी बूच. मामा पहाटे येऊन प्रत्येक बूच दाबून बघायचे. त्यानंतर कोणी ते काढलं, तर "बूच बाहेर!" असं ओरडायचं, अख्ख्या काठाला ऐकू जाईल असं. हा त्यांचा एकमेव नियम. आम्ही हसायचो, पण ओरडायचो.

त्या रविवारी — कसं सांगू? साधंच सांगते. मी एक फेरी मारून आले. बोट जड लागत होती, म्हणून काठावर ओढली, बूच काढलं, पाणी जायला बोट तिरकी केली. ओरडणार तेवढ्यात फोन वाजला. अमेरिकेतला क्लायंट. रविवारी, हो. तेव्हा आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. बूच ट्रॅकपँटच्या खिशात टाकलं आणि बोलत बोलत शेडमागे गेले.

मानसी माझ्याच ऑफिसातली, नागपूरहून नुकती आलेली. मीच तिला क्लबात आणलं होतं. तिने नेमकी तीच कयाक घेतली. मध्यावर बोट भरली, उलटली, आणि ती जलपर्णीच्या गुंत्यात अडकली. अंगात लाइफ जॅकेट होतं, तरी वर येता येईना. मामांनी उडी मारली, साठीच्या माणसाने. बाहेर काढली तेव्हा पोरगी निळी पडली होती.

बोट ओढून आणल्यावर कोणीतरी म्हणालं, "अरे, बूचच नाहीये." मी खिशात हात घातला. ते तिथे होतं. सगळे मामांकडे बघत होते — ओरडलं तर कोणीच नव्हतं, म्हणजे सकाळी मामांनीच लावलं नसणार. तेव्हा हात बाहेर काढायला किती वेळ लागला असता? मी खिशातल्या खिशात मूठ मिटली.

मानसी वाचली. नदीचं ते घाण पाणी छातीत गेलेलं; महिनाभर हॉस्पिटल, मग नोकरी सोडून नागपूर. अजूनही जिना चढताना तिला दम लागतो. मामांना क्लबातून काढायचं ठरलं त्या मीटिंगला मी होते. बाकीच्यांबरोबर हातही वर केला.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी मामा माझ्या ऑफिसच्या गेटवर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सिक्युरिटीने आत सोडलं नाही, म्हणून मी खाली गेले. म्हणाले, "ताई, मी लावलं व्हतं असं मला वाटतंय. पण वाटण्याला काय अर्थ हाय? पोरगी तुमची. माफ करा मला."

आणि मी — गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून — त्यांना माफ केलं. "होतं असं, मामा. वय झालं की विसरायला होतं," म्हणाले. पाठीवर हातही ठेवला. त्यांनी मान हलवली. माझं खरं मानलं हो त्यांनी.

काही वर्षांनी मामा गेले. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांची लेक सांगत होती — शेवटी शेवटी दाराला कडी लावून झोपायचे आणि तीन-तीनदा उठून बघायचे. मग तिलाच हाक मारायचे, लागलीय ना गं, तू बघ, माझा भरवसा नाही. ती माझ्यासमोरच बसली होती. मी चहा प्यायले आणि घरी आले.

बूच अजून माझ्याकडे आहे. रबर कडक झालंय. त्या सकाळी मामांनी ते लावलं होतं, नीट, घट्ट. काढताना मला दोन्ही हात लावावे लागले होते.