बिरण्णांचा सशाचा रस्सा

आमच्या गॅरेजात गाड्या कमी आणि किस्से जास्त दुरुस्त होतात, असं मालक म्हणतात. खोटं नाही ते! रिक्षा उघडून ठेवली, पार्ट यायला वेळ आहे, मग तोंड गप्प बसतंय का? त्यात आमच्याकडे बिरण्णा! हेडमिस्त्री, मैंदर्गीकडचे, वडील एके काळचे नावाजलेले शिकारी. शिकारीला बंदी येऊन जमाना झाला. बिरण्णांनी रानातलं जे खाल्लं ते चड्डीत असताना. पण दुपारी डबा उघडला, की वांग्याच्या भाजीसमोर बसून हा माणूस ससा शिजवायला घेतो!

*

एकदा खारीचा विषय निघाला.

"आदी जाळावर केस भाजायचे. मग मीठ-चटणी चोळून निखाऱ्यात ठेवायची. लई ग्वाड लागती!"

सीटकव्हर शिवणारे सलीमभाई दचकले. "अरे, वो तो रामजी की गिलहरी ना? पाठीवर बोटं असलेली?"

"व्हय की! म्हणून तर आई आंगुळ घातल्याबिगर घरात घेत न्हवती."

"और इत्ते से जानवर में मांस कितना निकलता?"

"चौघात एक खार. एकानं खायची, तिघांनी कशी लागली ते इचारायचं!"

*

हे ऐकून ऐकून सलीमभाईंना चेव आला. एका रविवारी पिशवी घेऊन हजर. आत फार्मवर पाळलेले, सोललेले बटेर, म्हणजे आपले लावे.

बिरण्णांचा चेहरा काय खुलला म्हणता! "शिकार केली व्हय? कशानं मारली?"

"मोबाईल से मारा मियाँ, स्कॅन करके!"

तीळ-खोबरं भाजून बिरण्णांनी स्वतः शिजवले. आम्ही बोटं चाटली. बिरण्णा मात्र हाड चोखत म्हणाले, "बरं हाय. पण ह्यो पक्षी जन्मात कदी उडाला न्हाय."

*

घाम फुटला तो तितराच्या दिवशी. दाराकडं पाठ करून बिरण्णांचं चालू होतं, तितराला फासा कसा लावायचा, रस्सा कसा करायचा. तेवढ्यात फॉरेस्टचे एक गार्ड गाडी ढकलत आत आले, तेही युनिफॉर्ममध्ये. मी डोळे मारून मारून दमलो, पण गडी काही थांबेना!

शेवटी वळून बघितलं आणि पांढरेच पडले. "सायेब, ह्ये आमचे आजोबा करायचे. वारले त्ये!"

गार्डांनी गाडी स्टँडवर लावली. गंभीर चेहऱ्यानं जवळ आले.

"ते राहू द्या. खोबरं भाजून घालायचं, का कच्चं?"

*

पण माझा जीव अडकलाय तो तात्यांच्या किश्श्यात. तात्या म्हणजे बिरण्णांचे वडील. दवाखान्यातून घरी आले आणि अन्नच सोडलं. ताट पुढं केलं, की "साक, साक" म्हणून मागं सारायचे. कानडीत, बास. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर नुसत्या औषधानं भागायचं नाही.

एक दिवस तात्या आपणहून बोलले. "तुजी आई करायची तसला सशाचा रस्सा कर. मग खातो."

हे आम्हाला सांगताना बिरण्णा रडले. एवढा दांडगा माणूस, ऑइलच्या फडक्यानं डोळे पुसत होता. मला बघवेना.

ससा आणायचा कुठून? गुन्हा तो. आणि आता बिरण्णांच्या मनालाही पटत नव्हतं.

सलीमभाई म्हणाले, "मुर्गी डालो. मसाला ससे का."

"वळकतील की! आख्खा जन्म रानात गेलाय त्यांचा. फशिवलं म्हणून पाणीबी सोडतील."

पण दुसरा इलाज नव्हता. बिरण्णांच्या घरी गावरान कोंबडी आणली. हाडावरनं ओळखू येईल म्हणून सलीमभाईंनी सगळं मांस सोडवून बारीक केलं. आईची पद्धत आठवत आठवत बिरण्णांनी रस्सा केला. वाटी त्यांनीच तात्यांपुढं नेली.

तात्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. मग भाकरी कुस्करली आणि वाटी रिकामी करूनच मान वर केली.

बिरण्णांना राहवेना. "तात्या, ससा बरा झालाय न्हवं?"

"कोंबडी हाय ही."

आम्ही तिघंही गार! बिरण्णा पायावर वाकले. "चुकलं तात्या. तुमी खावं म्हणून…"

"चुकलं काय त्यात? तुज्या आईचीबी कोंबडीच असायची की! मी रानातनं रिकाम्या हातानं आलो, की माजी लाज राखायला ती गपचिप खुराड्यातली कापायची."

तात्यांनी वाटी पुन्हा पुढं केली.

"आन् तू येड्या, कोंबडी कोल्ह्यानं न्हेली म्हणून रडायचास, आन् रडत रडत दोन वाट्या सशाचा रस्सा वरपायचास!"