ओटीपी रोह्याला

रोमिंगचे पैसे वाचवायला मी माझं सिम रोह्याला आईच्या फोनमध्ये टाकून मालदीवला गेले. तिथं जेवणाचं बिल कार्डानं ऑनलाइन भरायला गेले, तर ओटीपी आईकडे. हॉटेलच्या वायफायवरून तिला फोन लावला.

"ओटीपी कुणालाच सांगायचा नाय. बँकवाले रोज ओरडतात."

"अगं, मीच आहे!"

"कशावरून? हल्ली आवाजपण बनवतात."

मी भडकले. मीच मी आहे, हे सांगायचं तरी कसं? वेटर हसत उभाच.

"बिल कसलं हाय?"

"भात, तळलेली मासळी, दोन शहाळी."

"मग तू माझी लेक नाय. एवढ्यासाठी ती विमानानं कशाला जाईल गो?"

आईनं फोन ठेवला.